मिरची, रोवणी आणि मॅट्रिक

गेल्या दिवाळीत माझे व्याही नागपूरहून आमच्या वडसा गावी आले होते. देसाईगंज हे या गावाचे कागदावरचे नाव. अर्जावर ते चालते, तोंडी चालत नाही. भाऊबीजेचे जेवण झाले, पानसुपारी झाली आणि ओसरीवर देशाचे प्रश्न सोडवण्याचा नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. व्याही म्हणाले, "आता तुमच्या जंगलातल्या पोरांची काळजी मिटली बघा. शाळा लांब, मास्तर येत नाहीत, पुराने रस्ता बंद, ही सारी रडगाणी संपली. दहावी-बारावी मोबाइलवर आली आहे. जिथे असाल तिथे शिका, वेळ मिळेल तेव्हा शिका. तुम्ही वेळेवर निवृत्त झालात, नाहीतर बेकार झाला असतात!"

बैठकीत माझे एक जुने सहकारी होते. बत्तीस वर्षे गणित शिकवलेले गृहस्थ. ते ताडकन म्हणाले, "मुक्त शाळा म्हणजे नापासांची धर्मशाळा! ना हजेरी, ना शिस्त, ना पट्टी. घरबसल्या मॅट्रिक होता येत असेल तर आम्ही जन्मभर खडू झिजवला तो कशाला?"

दोघेही सज्जन. दोघांच्याही हातात आमच्या घरच्या चकल्या होत्या. पाहुण्यांशी भांडू नये हा संस्कार आड आला आणि मी 'हो, खरे आहे' असे काहीतरी पुटपुटून चहा सांगितला. त्या 'हो'ची मला वर्षभर लाज वाटते आहे. म्हणून जे भांडण त्या रात्री केले नाही ते आज जाहीरपणे करतो. माझे म्हणणे असे की, दोघेही चूक आहेत आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. शाळा 'मुक्त' म्हणजे काय, लवचिक म्हणजे काय, हे दोघांनीही शिकणाऱ्याला कधी विचारलेले नाही.

प्रथम वस्तुस्थिती. शाळेत न जाता दहावी-बारावी करण्याच्या वाटा आपल्याकडे नव्या नाहीत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणे तर आमच्या पिढीलाही ठाऊक आहे. १९८९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मुक्त विद्यालय काढले; आज ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या लांबलचक नावाने ओळखले जाते. २०१७ साली महाराष्ट्राने स्वतःचे राज्य मुक्त विद्यालय मंडळ स्थापले. त्याच वर्षी 'स्वयम्' आणि 'दीक्षा' ही केंद्राची दोन दालने उघडली आणि धडे पडद्यावर दिसू लागले. राष्ट्रीय संस्थेचे नियम मी वाचले आहेत आणि ते वाचून मला खरोखर आनंद झाला. विषय आपल्या मर्जीने निवडावे. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसावे. एकेक विषय सुटत जाईल तसा तो खात्यावर जमा होत जातो. कर्णबधिर मुलांची खुणांची भाषा २०२१ पासून तिथे दहावीचा भाषाविषय आहे. हे ज्यांनी लिहिले त्यांच्या डोक्यात प्रकाश होता, यात शंका नाही. मग माझे भांडण कशाशी?

माझे भांडण पंचांगाशी आहे.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत वर्षाचे तुकडे पडतात ते पोटाच्या हिशेबाने. आषाढ-श्रावणात धानाची रोवणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणे. संक्रांतीच्या सुमारास मिरची तोडायला तेलंगणात जाणे. गावेच्या गावे रिकामी होतात, घरी म्हातारी माणसे आणि कोंबड्या राहतात. शिमग्यापासून मोहफूल. मे महिन्यात तेंदूपत्ता; पहाटे जंगलात जायचे, दुपारी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायची. आता या पंचांगावर परीक्षांचे पंचांग ठेवून पाहा. मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. तेव्हा आम्ही मिरचीत. नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा जून-जुलैत. तेव्हा आम्ही चिखलात, आणि नाले भरलेले. मुक्त विद्यालयाची एक परीक्षा एप्रिल-मे, दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबर. एक तेंदूत सापडली, दुसरी कापणीत. कोणा ज्योतिषाला बसवून आमच्या पोटाचे मुहूर्त टाळायला सांगितले असते तर त्याने एखादा तरी टाळला असता. हे टाळायचे कोणाच्या मनातच आले नाही. 'मागाल तेव्हा परीक्षा' अशीही एक सोय आहे; पण ती मोजक्या केंद्रांवर, आणि भामरागडच्या माणसाला ते केंद्र काशीइतकेच लांब.

व्याही म्हणाले ते खरे आहे, मोबाइल जिथे असाल तिथे येतो. मात्र परीक्षा येत नाही. धडा लवचिक आणि तारीख पोलादी, याला मी लवचिक शिक्षण म्हणत नाही.

हे मी कोणत्या अधिकाराने बोलतो? अधिकार कसला, अपराध म्हणा. २०११ साली मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत दहावीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात धानोरा तालुक्यातल्या एका गावची मुलगी होती. वर्गात पहिली नव्हे. पण विचारलेल्या प्रश्नाआधी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला सुचायचे. जानेवारीत ती आईबापांबरोबर मिरचीला गेली. तेव्हाच्या आंध्रात, आताच्या तेलंगणात. बापाने डोक्यावर कर्ज केले होते आणि तोडणाऱ्या हातांची संख्या ठेकेदाराने मोजून घेतली होती. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम माझ्यापुढे होता. तो नियम मी केलेला नव्हता, पण हजेरीबुकात तिच्या नावापुढे लाल शाईने 'दीर्घकाळ गैरहजर' हे शब्द मी लिहिले, माझ्या अक्षरात, आणि मला त्याचे काहीही वाटले नाही. उलट वर्गाचा निकाल सुधारेल असा एक विचार मनाला चाटून गेला, हेही कबूल करतो. होळीनंतर ती शाळेत आली, फाटकाशी उभी राहिली आणि मधल्या सुट्टीत परत गेली.

बारा वर्षांनी, २०२३ च्या पावसाळ्यात, ती माझ्या दारी आली. कडेवर मूल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला. तिला अंगणवाडीत काम करायचे होते. त्याला आता बारावी लागते, आणि बारावीला आधी दहावी लागते. मी तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दिला. २०२४ ची परीक्षा देण्यासाठी तिने त्या वर्षीची मिरची सोडली. म्हणजे घरात येणारा पैसा सोडला, सासूचा टोमणा घेतला. सगळे विषय सुटले, गणित राहिले. पुरवणी परीक्षा जुलैत. परीक्षेच्या दिवशी नाल्याला कमरेच्या वर पाणी होते. २०२५ साली आदल्या वर्षीची उधारी फेडायला ती पुन्हा मिरचीत गेली.

माझ्या गणिती मित्रांना मी विचारतो, या बाईत शिस्तीचा कोणता अभाव आहे?

आणि 'नियम म्हणजे नियम' असे कोणी म्हणेल तर त्याला मी २०२० ते २०२२ या तीन वर्षांची आठवण देतो. महामारी आली आणि शाळांना कुलूप लागले. व्याह्यांच्या मनातली मोबाइलची शाळा त्या वर्षी राज्यभर झाली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे तिचे नाव होते. आमच्याकडे ती कशी झाली, तेही ऐका. ज्या गावात मी जात होतो तिथे तीन घरांत पडद्याचे फोन होते. तिन्ही फोन बापांच्या खिशात, आणि बाप रोवणीवर. संध्याकाळी फोन घरी आला की मुले तो घेऊन गावाबाहेरच्या टेकाडावर जात, कारण नेटवर्क तिथेच भेटे. अंधार पडला की खाली बोलावणे येई. टेकाडावर जाऊन मिळवलेला तो धडा पुण्याच्या गोड मराठीत असे. माझ्या शेजारी बसलेला माडिया मुलगा पडद्याकडे पाहत होता तसा मी एकदा तेलुगू सिनेमाकडे पाहिले होते: चित्रे छान आहेत, माणसे काय म्हणतात कोण जाणे.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कोणी लक्षात ठेवलेली नाही. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे आणि वर्गातले गुण धरून निकाल लावला, राज्यात ९९.९५ टक्के मुले पास झाली. २०२२ साली परीक्षा झाली ती आपापल्या शाळेत. पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी, मोठ्या पेपराला अर्धा तास जास्त, तारीखही पुढे ढकलली. आभाळ कोसळले नाही. त्या मुलांची प्रमाणपत्रे कोणी परत मागितली नाहीत. ते केले याची तक्रार मी करत नाही, योग्यच केले. माझे म्हणणे इतकेच की, संकट मुंबई-पुण्याच्या दारी आले तेव्हा पोलाद एका उन्हाळ्यात वितळले. भामरागडची पर्लकोटा दर पावसाळ्यात पुलावरून वाहते आणि तालुका जगापासून तोडते, ते संकट नव्हे काय? की ते फार जुने झाल्यामुळे त्याला आता हवामान म्हणायचे?

लवचिक शाळा श्रीमंतांना केव्हाच मिळाली आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी शिकवणीला जाणारी मुले कनिष्ठ महाविद्यालयाचे तोंड पाहत नाहीत, नाव मात्र तिथल्या पटावर असते, हे कोणत्या शहरात गुपित आहे? २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेसाठी बोटांच्या ठशांच्या हजेरीचा हुकूम काढावा लागला तो याच कारणाने. म्हणजे पैसे मोजून वर्ग चुकवणारा हुशार, आणि पैसे कमावण्यासाठी वर्ग चुकवणारी 'दीर्घकाळ गैरहजर'. हा न्याय माझ्या लाल शाईने केला आहे, म्हणून मला त्याची चव ठाऊक आहे.

बरे, शिकणाऱ्याच्या सवडीने शाळा चालवणे महाराष्ट्राला परके आहे असेही नाही. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी जे काम केले त्यात एक कुरणशाळा होती. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना? मग शिक्षिकाच कुरणात गेली. आजच्या सगळ्या लवचिकपणाच्या भाषणांपेक्षा ती एक शाळा मला मोठी वाटते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या. पण ही सारी धाव लहान मुलांपुरती. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, तोही चौदाव्या वर्षाशी थांबतो. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीनच्या आत. नववीची शाळा किती अंतरावर असावी याविषयी कायद्याला काही म्हणायचे नाही. नेमकी तिथेच मुलगी मोठी होते, नाला मोठा होतो, आणि सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे तर वाटेत वाघही असतो. मानव विकासची निळी बस जिथवर जाते तिथवर बरे आहे. ती जिथे वळते त्याच्या पलीकडच्यांसाठी कोणी कुरणशाळा काढली नाही. त्यांना अ‍ॅपचे नाव सांगितले.

मोबाइलवर माझा राग आहे असे मात्र कोणी समजू नये. मला त्याने एकदा सपशेल हरवले आहे. दिवाळी उलटली की आमच्याकडे मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेरघर. रात्री सुरू झालेले नाटक कोंबडा आरवला तरी चालते, आणि आमचा प्रेक्षक मध्ये डुलकी काढली तर उठून शेजाऱ्याला कथानक विचारून घेतो. अशा एका नाटकात माझ्या वर्गातला एक मुलगा मी पाहिला. वाचायला उभा केला की हा मुलगा घामाघूम व्हायचा. ओळीतली अक्षरे जागा बदलतात असे म्हणायचा आणि मी त्याला कोपऱ्यात उभा करायचो. त्या रात्री त्याने चाळीस मिनिटांची भूमिका एका शब्दाची चूक न करता केली. सकाळी विचारले, "पाठ कशी केलीस रे?" म्हणाला, "बहीण वाचत होती जी, मी आयकत होतो." बावीस वर्षे नोकरी झाल्यावर मला कळले की, या पोराचे कान वाचतात.

अशा मुलांना अध्ययन अक्षमता असलेली मुले म्हणतात, त्यांना जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, हे तोवर मी फक्त परिपत्रकात वाचले होते. सवलतीला दाखला लागतो. तो मिळवायला त्या मुलाच्या बापाने नागपूरला तीन खेपा घातल्या. ज्या कचेरीत घातल्या तिचे नाव मी घेत नाही, पण तिसऱ्या खेपेला 'तपासणारे रजेवर आहेत' हे ऐकून तो परत आला आणि मला म्हणाला, "सर, पोरगा वेडा नाही ना, मग राहू द्या." तो मुलगा दहावीला तीन विषयांत गेला. आज तो नाटकात काम करतो, आणि बरे कमावतो, असे सांगून मी स्वतःचे समाधान करून घेत असतो.

आता त्याच मुलाच्या हातात धडे ऐकवणारा मोबाइल त्या वर्षी असता तर? इतिहास त्याने नाटकासारखा पाठ केला असता. म्हणून यंत्राला मी नमस्कार करतो. पण यंत्र कानाने शिकणाऱ्याला ओळखत नाही. ओळखायला माणूस लागतो, आणि तो माणूसही माझ्यासारखा बावीस वर्षे झोपलेला असून चालत नाही.

सिकलसेलच्या मुलांविषयी तर लिहावे तितके थोडे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत घराघरांत माहीत असलेला हा आजार. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या होतात, थंडीत, तापात, पाणी कमी पडले की सांधे असे दुखतात की मोठा माणूस रडावा. मूल चार दिवस शाळेत, आठ दिवस अंथरुणावर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या एकवीस प्रकारांना दिव्यांगत्व मानले त्यांत हा आजार आहे. कायद्याने मानले, हजेरीबुकाने मानायचे आहे. पाच वर्षांत एकेक विषय सोडवत जाण्याची योजना कोणासाठी केली असावी असे मला कोणी विचारले तर मी याच मुलांकडे बोट दाखवीन. आणि या मुलांना, त्यांच्या आईबापांना, ती योजना आहे हे कोणी सांगितले आहे? मी स्वतः माध्यमिक शिक्षक असून निवृत्तीच्या आदल्या वर्षी तिचे नियम प्रथम वाचले.

भाषेचे सांगायचे राहिले. बाहेरच्यांना वाटते, जंगलात आदिवासी भाषा म्हणून एक काहीतरी बोलतात. एटापल्ली-भामरागडला माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगडी, सिरोंचाला तेलुगू, मुलचेराला बंगाली वसाहतींतली बंगाली, चंद्रपूरच्या जिवतीच्या डोंगरावर कोलामी, आणि आमच्या वडसा-ब्रह्मपुरीची झाडीबोली, जी मराठीच असून पुस्तकाला मराठी वाटत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर काढली. पुढे खात्याने ती अनधिकृत ठरवली. एकीकडे 'जसे हवे तसे शिका' आणि दुसरीकडे हे. शिकणारा निवडायला लागला की लवचिकपणाची ताकद संपते, असा याचा अर्थ घ्यायचा काय?

आता माझ्या गणिती मित्रांच्या मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो व्याह्यांच्या उत्साहापेक्षा वजनदार आहे. ते म्हणतात, सवलत दिली की पातळी खाली येते. मी त्यांना त्यांच्याच शेतात नेतो. त्यांच्या बांधीत हलके धान असते आणि भारी धान असते. हलके दसऱ्याला निसवते आणि दिवाळीला घरी येते. भारी त्यानंतर महिन्याने. दसऱ्याला भारी धानाच्या बांधीवर उभे राहून 'हे नापास' असे ते म्हणत नाहीत. म्हटले तर त्यांच्या घरी ऐकून घेणार नाहीत. मी पट्टी बदला म्हणत नाही. प्रश्नपत्रिका तीच ठेवा, पस्तीस गुणच ठेवा, हवे तर चाळीस करा. बदलायची आहे ती कापणीची तारीख. शिवाय ज्या बाईने बारा वर्षांनी पुस्तक उघडले, दोन हंगामांच्या मधल्या फटीत अभ्यास केला आणि एक सोडून सगळे विषय सोडवले, तिची पातळी खाली असेल तर माझी आणि माझ्या मित्रांची कुठे मोजायची?

आणि हजेरी-घंटा-बाकाशिवाय माणूस शिकत नाही, हे तर आमच्या जिल्ह्यात उभे राहून कोणी बोलू नये. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने काय केले? अभ्यासगट केला. रात्री बसायचे, कायदा वाचायचा, ज्याला वाचता येते त्याने वाचायचे, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, सगळ्यांना पटेपर्यंत पुढे जायचे नाही. त्यांतल्या कित्येकांनी मॅट्रिकचे तोंड पाहिले नव्हते. त्या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी तो एक, आणि २०११ साली त्यांनी आपला बांबू आपण विकला. आज कितीतरी ग्रामसभा तेंदूचे लिलाव स्वतः करतात. हिशेबाच्या वह्या कोण लिहिणार, निविदा कोण वाचणार? शहाणपण गावात आहे, पण बँकेच्या खिडकीवर आणि नोकरीच्या अर्जावर प्रमाणपत्र मागतात. माझा आग्रह प्रमाणपत्रासाठी आहे तो एवढ्याचसाठी.

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून रेडिओवर शाळा सुरू झाली. शेकडो मैलांवरच्या गोठ्यावाड्यांतली मुले बिनतारी यंत्रापुढे बसून बाईंना उत्तरे देत. आमच्या व्याह्यांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणतील, "बघा, मी काय म्हणत होतो!" पण त्या प्रत्येक मुलाशेजारी घरातले एक मोठे माणूस बसलेले असे, बहुधा आई, टपालाने वह्या जात-येत. यंत्राने अंतर कापले, शिकवले माणसांनी. आमच्याकडची आई या वेळी मिरचीच्या शेतात असते. तेव्हा तिची जागा घेणारे कोणीतरी पगारी माणूस गावात लागेल. गावचीच बारावी झालेली मुलगी असू दे, मुलगा असू दे. धडे आधीच यंत्रात भरून ठेवलेले, म्हणजे टेकाड चढायला नको. समजले नाही तर गावच्या बोलीत सांगणारे तोंड. ज्याचे कान वाचतात त्याला ऐकवणारे, ज्याचे सांधे दुखतात त्याच्या घरी जाणारे. अक्षरे नाचणाऱ्या मुलाला तपासणारा तज्ज्ञ वर्षातून दोनदा तालुक्याला आला पाहिजे. बापाच्या तीन खेपा वाचतील. आणि तालुक्याच्या गावी एक खोली, फक्त एक खोली, वर्षभर उघडी: ज्याचा ज्या विषयाचा अभ्यास झाला असेल त्याने येऊन त्या विषयाचा पेपर द्यावा आणि आपल्या हंगामाला परत जावे. वाहन चालवण्याचा परवाना असाच मिळतो ना? त्याची पातळी घसरली म्हणून कोणी ओसरीवर तावातावाने बोलत नाही.

पैसा कुठून आणायचा, असे व्याही विचारतीलच. ज्या वर्षी अ‍ॅपची जाहिरात कमी कराल त्या वर्षी पहिल्या खोलीचे भाडे निघेल. पुढचे मी सांगणार नाही, कारण अंदाजपत्रक करणे हा माझा विषय नव्हे आणि चुकीचे आकडे लिहिण्याचे वय गेले.

परवा ती आली होती. मूल आता मोठे झाले आहे; माझ्या नातवाचे फटाके मोजत बसले होते. मी तिला चिवड्याची बशी दिली. तिने पिशवीतून गणिताची वही काढली आणि म्हणाली, "सर, ठेकेदाराचा निरोप आला. यंदा गाडी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी येते म्हणते. पेपर कधी जी?"

मी फेब्रुवारी सांगितला. तिने बोटांवर काहीतरी मोजले.

"गणिताचा पेपर होईपर्यंत थांबलो त मिरची अर्धी होऊन जाते."

मी काही बोललो नाही. ती वही उघडून पाने चाळू लागली.

"बरं, ते राहू द्या. आज वर्गसमीकरण घेऊ म्हणले होते तुम्ही."